मुक्काम पोस्ट हेदवी, खाते परदेशी

कोकणातल्या पत्त्याची सुरुवात 'मु. पो.' या दोन अक्षरांनी होते. मुक्काम पोस्ट हेदवी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. मुक्काम हा मुळात वाटसरूचा शब्द. जिथे रात्र काढायची आणि सकाळी पुढे निघायचे, ती जागा म्हणजे मुक्काम. पोस्टाने तो राहत्या घराला लावला आणि कोकणाला तो चांगलाच लागू पडला. इथला कर्ता पुरुष गेली दीडशे वर्षे राहतो एकीकडे आणि असतो दुसरीकडचा.

गावाला यात काही अडचण वाटत नाही. वर्षाचे अकरा महिने मुंबईत किंवा मस्कतला असलेला माणूसही गावच्या लेखी गावचाच. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा घर उघडायला तो किंवा त्याचा भाऊ आला, की हिशेब पुरा झाला. बँकेचे तसे नाही. खाते उघडायला आलेल्या माणसाला बँक पहिला प्रश्न विचारते तो 'राहता कुठे?' हा, आणि तिला उत्तर एकच हवे असते. मी हेदवीचा. मुंबईतल्या एका बँकेत अनिवासी खात्यांच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली. हा प्रश्न मी हजारो वेळा विचारला असेन. निवृत्तीनंतर या प्रश्नाचाच माग काढावासा वाटला. तो पहिल्यापासून असा नव्हता, दर पिढीत त्याचा अर्थ बदलत गेला, आणि प्रत्येक बदलाची किंमत कोकणातल्या घरांनी मोजली, एवढे मला या शोधात दिसले. तेच इथे मांडतो.

हेदवी बहुतेकांना ठाऊक असते ती दशभुज लक्ष्मीगणेशाच्या देवळामुळे, नाहीतर भरतीच्या वेळी खडकाच्या चिरेतून पाणी उंच उसळणाऱ्या बामणघळीमुळे. पण नकाशा पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गुहागरच्या या किनारपट्टीच्या उत्तरेला दाभोळची खाडी आहे आणि दक्षिणेला जयगडची. दोन्ही बंदरांत मुंबईच्या आगबोटी लागत. घाट चढून कोल्हापूरला जाण्यापेक्षा समुद्राने मुंबई गाठणे सोपे होते. आणि मुंबईच्या गोदीत पोचलेल्या माणसाला पुढचे जग फार लांब नव्हते.

त्या जगात पहिल्यांदा गेला तो खलाशी. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरच्या कामाला रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे मोठ्या संख्येने असत. भरती सारंगामार्फत होई, आणि सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे घेई. हा खलाशी लंडन पाही, सिडनी पाही, केपटाऊन पाही. पण तिथल्या कुठल्याही बँकेत त्याचे खाते उघडण्याचा प्रश्न येत नसे. त्याचे कारण त्याच्या करारात होते. 'लस्कर' म्हणून घेतलेल्या हिंदी खलाशाचा करार सहसा हिंदुस्थानातच सुरू होई आणि हिंदुस्थानातल्या बंदरातच संपे. परदेशी बंदरात त्याला मोकळे सोडायचे नाही, हाच कायद्याचा कटाक्ष. प्रवास संपल्यावर शिपिंग मास्तरच्या कचेरीत त्याचा हिशेब होई. मधल्या काळात घरच्यांना पैसे लागत, त्यासाठी 'ॲलॉटमेंट'ची सोय होती. पगाराचा ठरावीक भाग दर महिन्याला कंपनीने बायकोला किंवा आईला परस्पर द्यायचा, असा कागद खलाशी निघतानाच लिहून देई. म्हणजे माणूस समुद्रावर आणि त्याचा पगार मुंबईत. 'राहता कुठे?' या प्रश्नाचे उत्तर कंपनीनेच देऊन ठेवलेले असे.

मुंबईपर्यंत आलेला पैसा गावात पोचवायचे काम पोस्टाने केले. १८८० साली मनिऑर्डरचा कारभार सरकारी तिजोऱ्यांकडून पोस्टाकडे आला आणि १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली. पुढे रत्नागिरी जिल्ह्याला 'मनिऑर्डरवर जगणारा जिल्हा' म्हणू लागले, त्याची मुळे इथे आहेत. मनिऑर्डरची गंमत अशी की तिला खाते लागत नाही. फॉर्मवर पत्ता आणि पोस्टमनच्या ओळखीचा चेहरा एवढे पुरते. तळाशी चार ओळी लिहायला जागा असते; अनेक घरांत पत्र म्हणून येई ते तेवढेच. जुन्या पद्धतीची ही मनिऑर्डर पोस्टाने एप्रिल २०१५ मध्ये बंद केली.

खलाशी परत येत. पण काही माणसे परदेशी राहिलीही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान केपटाऊनला स्थायिक झाले. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला 'कोकणी' म्हणवतात. पूर्व आफ्रिकेतही आपली माणसे गेली, आणि त्यांना तिथे एक अपूर्व सोय होती. मोंबासाहून निघालेल्या रेल्वेचे पगार रुपयांत होत होते. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे चलन रुपयाच होता. १८६३ मध्ये कलकत्त्यात निघालेल्या नॅशनल बँक ऑफ इंडियाने १८९२ मध्ये झांजिबारला आणि १८९६ मध्ये मोंबासाला शाखा उघडली होती. मोंबासाला पैसे ठेवणारा मुलुख सोडून आला होता खरा, पण त्याच्या खात्याचा आकडा रुपयांतच होता.

हीच सोय आखातात आणखी चाळीस-पन्नास वर्षे टिकली. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत या सगळ्या बाजारांत हिंदी रुपया चाले. दुबईत पहिली बँक १९४६ मध्ये आली, तीही ब्रिटिश. स्थानिकांची नॅशनल बँक ऑफ दुबई निघायला १९६३ साल उजाडले. स्वतंत्र भारताची रिझर्व्ह बँक छापत असलेल्या नोटा दुसऱ्याच देशांच्या बाजारात फिरत होत्या, आणि त्यातून एक पेच निर्माण झाला. आखातात रुपये देऊन सोने घ्यायचे, ते चोरून भारतात आणायचे, आणि आखातात जमलेले रुपये बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे पाठवून त्यांचे पौंड मागायचे. सोने चोरवाटेने येत होते आणि त्याची किंमत देशाच्या परकीय गंगाजळीतून जात होती. त्यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. रंग वेगळा, क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर. त्यांना 'गल्फ रुपया' म्हणत. किंमत तीच, पण भारतात त्या चालत नसत.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. तोपर्यंत आखातातला रुपया आणि गावातला रुपया एकच होता. १९५९ मध्ये पहिल्यांदा खुद्द रुपयालाच विचारले गेले, की तू राहतोस कुठे? पुढच्या दहा वर्षांत उरलेले धागेही तुटले. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. रुपयाच्या या घसरणीत आपली शिल्लक कशाला बुडवायची, असे आखाती राज्यकर्त्यांना वाटले तर नवल नाही. त्याच वर्षी कतार आणि दुबईने मिळून रियाल काढला, अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. ओमानमध्ये गल्फ रुपया १९७० पर्यंत रेंगाळला. तेलाच्या पैशाने खरी भरती सुरू झाली ती यानंतर. कोकणातले तरुण विमानाने जाऊ लागले तेव्हा आखात चलनाच्या दृष्टीनेही पुरते परदेश झाले होते.

इकडे कायदाही तयार होता. परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आले ते सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू होताच, युद्धकालीन नियम म्हणून. त्याआधी हिंदी माणसाने लंडनला खाते ठेवले तर त्याला कुणी हटकत नसे. युद्ध संपले, नियम राहिला. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि १९७३ मध्ये त्याहून कडक कायदा आला. बँकेत आम्ही त्याला 'फेरा' म्हणत असू. मराठी माणसाला त्या शब्दात जे ऐकू येते ते अगदी बरोबर होते. भारतात राहणाऱ्याने रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय परदेशी बँकेत खाते ठेवणे हा गुन्हा झाला.

मग भारतात राहणारा कोण? या कायद्याची व्याख्या मी टेबलावर बसून कितीतरी वेळा वाचली. नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी परदेशी गेलेला नागरिक अनिवासी. आणि 'अनिश्चित काळ' बाहेर राहण्याचा इरादा ज्याच्या परिस्थितीवरून दिसतो तोही अनिवासी. कायदा दिवस मोजत नव्हता, मनातला बेत विचारत होता. आता गुहागर तालुक्यातल्या कुठल्याही चाकरमान्याला विचारा, परत कधी येणार? 'दोन वर्षांनी, घराचे काम झाले की.' दोन वर्षांची पंचवीस होतात हा भाग वेगळा, पण त्याच्या मनात मुक्काम नेहमी दोन वर्षांचाच असतो. आम्ही मात्र फॉर्मवर 'अनिश्चित काळ' अशी खूण करायचो आणि तो सही करायचा.

अशा माणसाचा पैसा देशात यावा म्हणून १९७० मध्ये एनआरई खाते निघाले. याची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. परदेशातून आलेला पैसा या खात्यात रुपयांत राहतो, व्याजावर प्राप्तिकर नाही, आणि हवा तेव्हा तो परत परदेशी नेता येतो. पण गावच्या कलमांच्या आंब्याचे पैसे किंवा चिपळूणच्या गाळ्याचे भाडे त्यात तेव्हा टाकता येत नसे. त्यासाठी दुसरे, एनआरओ खाते. त्याच्या व्याजावर कर कापला जातो. माणूस एक, घर एक, आणि पैशाच्या दोन पेट्या. आंब्याचा पैसा आखाताच्या पैशाला शिवायचा नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. एनआरई खात्यात अनिवासी माणसाबरोबर दुसरे नाव जोडायचे तर तोही अनिवासीच हवा. म्हणजे दुबईतला मित्र चाले, हेदवीतली बायको चालत नसे. घर ती चालवी. चिरे तिने मोजून घेतलेले, विहीर तिने खणून घेतलेली, मुलांच्या फिया तिने भरलेल्या. बँकेत ती मुखत्यारपत्रावर सही करणारी. नवऱ्याच्या वतीने पैसे काढायचा तिला अधिकार, खाते मात्र तिचे नव्हे. जवळच्या रहिवासी नातेवाइकाचे नाव जोडायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली ती २०११ मध्ये, आणि तीही 'पहिला, किंवा त्याच्या पश्चात दुसरा' या अटीवर. खाते निघाल्यापासून एकेचाळीस वर्षांनी.

हे झाले इकडच्या खात्याचे. तिकडचे खाते उघडणे त्याहून अवघड होते. आखातात घरपोच टपालाची पद्धत नव्हती. पत्ता म्हणजे पोस्टाच्या पेटीचा क्रमांक, आणि ती पेटी बहुधा कंपनीची. पासपोर्ट अनेकदा मालकाच्या कपाटात. बँक कंपनीचे पत्र मागे. त्यामुळे साध्या कामगाराची कित्येक वर्षे बँकेवाचूनच गेली. पगार रोख, मग सुटीच्या दिवशी एक्स्चेंजच्या खिडकीपुढे रांग, तिथे ड्राफ्ट काढायचा आणि रजिस्टर पोस्टाने घरी पाठवायचा. ज्याला तेवढेही जमत नसे किंवा घाई असे, तो हवाल्याकडे वळे. तिकडे पैसे दिले की दुसऱ्या दिवशी गावात पोच. ते बेकायदा होते, पण त्यात फॉर्म नव्हता आणि 'राहता कुठे?' हा प्रश्नही नव्हता. कामगारांचे पगार बँकेमार्फतच द्यावेत असा दंडक अमिरातीने घातला तो २००९ मध्ये. तेव्हापासून मजुराच्या हातीही कार्ड आले.

माणूस गेला आणि खाते परदेशी झाले, ही एक तऱ्हा. याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला, दुसरी तऱ्हा घडली. पोर्तुगीजांच्या बांकू नासियोनाल उल्त्रामारिनू या बँकेची गोव्यातली शाखा १८६८ पासूनची. गोवेकरांच्या ठेवी तिथे, अडीअडचणीला सोन्याचे दागिने गहाण ठेवायचे ते तिथेच. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होण्याच्या तोंडावर हे गहाण सोने लिस्बनला हलवले गेले. खातेदार म्हापशाच्या आपल्या घरातून हललाही नव्हता. त्याची बँक मात्र परदेशी झाली. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९७४ च्या अखेरीस, आणि दागिने भारतात परत आले १९९१ मध्ये. पाटल्या ज्या मुलीच्या लग्नासाठी सोडवायच्या होत्या, तिचीच मुलगी तोवर लग्नाला आली असेल. परदेशी खात्याची खरी जोखीम व्याजदरात नसते, ती इथे असते. आपला पैसा कुणाच्या कायद्याखाली पडून आहे, हे अडचण येईपर्यंत कळत नाही.

अडचण बहुधा मृत्यूच्या रूपाने येते. आमच्या शेजारच्या वाडीतला एक फिटर आखातातल्या एका देशात गेला, म्हणजे वारला. देह आठवड्याभरात गावी आला. तिथल्या बँकेतली शिल्लक यायला दोन पावसाळे गेले. खातेदाराच्या मृत्यूची खबर लागताच तिथली बँक खाते गोठवते. मग इथल्या न्यायालयाचा वारस दाखला, त्यावर राज्याच्या आणि परराष्ट्र खात्याच्या मोहरा, त्या देशाच्या दूतावासाची मोहर, अरबी भाषांतर, आणि तिथे हजर राहील अशा कुणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र. त्याच्या बायकोने हे सगळे केले. गुहागर, चिपळूण, मुंबई अशा फेऱ्या मारल्या. कागदांची पिशवी ती देवाच्या फोटोखाली ठेवी. पैसे आले तेव्हा खर्च वजा जाता निम्म्याच्या आसपास उरले. तिने मला विचारलेला प्रश्न एकच होता: 'भाऊ, यांनी माझं नाव तिकडे का नाय घातलं?' तिचे नाव घालायला तिकडची बँक तिला समोर उभी करा म्हणाली असती, आणि ती कधी बोरिवलीच्या पुढे गेली नव्हती.

१ जून २००० पासून 'फेरा' जाऊन 'फेमा' आला. गुन्ह्याची भाषा गेली, दिवसांची मोजणी आली. मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिलेला तो साधारणपणे रहिवासी. नोकरीसाठी निघालेला मात्र निघाल्या दिवसापासून अनिवासी. प्राप्तिकराची मोजणी आणखी वेगळी. म्हणून नोव्हेंबरात विमानात बसलेला माणूस त्या वर्षी बँकेच्या लेखी अनिवासी आणि करखात्याच्या लेखी रहिवासी असू शकतो. परत आलेल्यासाठी या कायद्यात एक दिलासा आहे: परदेशी असताना कमावलेले तिकडचे खाते परतल्यावरही ठेवता येते. मात्र २०१५ च्या काळा पैसा कायद्यानंतर ते विवरणपत्रात दाखवावे लागते. न दाखवल्यास दहा लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या अशा जंगम मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. ज्यांच्या जुन्या पासबुकात विसरलेले चार-दोनशे दिनार आहेत, त्यांनी दिवाळीचा फराळ झाल्यावर एकदा कपाट उघडून पाहावे.

आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने जे केले ते १९३९ नंतर प्रथमच घडत होते. भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवायला आणि परवानगीवाचून परदेशी खाते उघडायला मोकळीक मिळाली. आज ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. हेदवीत राहून, हेदवीच्या पत्त्यावर, परदेशात खाते! माझ्या टेबलावरच्या कारकिर्दीत हे वाक्य कुणी उच्चारले असते तर मी साहेबांना बोलावले असते.

याचा पहिला उपयोग गावाकडे केला तो मुलांनी. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी बहुधा तिथे 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडावे लागते. त्या देशात पाऊल ठेवण्याआधी, इथूनच, वर्षभराच्या खर्चाचे पैसे भरायचे; सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. खाते विद्यार्थ्याचे, पैसे त्याच्या घरचे, पण तिथे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरोच हाती पडतात.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एका मुलीचा हा फॉर्म भरायला मी बसलो होतो. कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, आणि आता एक नवा रकाना: कर कोणत्या देशात भरता? तिन्ही ठिकाणी ती न अडखळता लिहीत गेली. अडखळली तिची आई. 'काका, पैसे आमचे आणि महिन्याला किती द्यायचे ते तेच ठरवणार?' मी तिला ॲलॉटमेंटची गोष्ट सांगितली. तिचे आजेसासरे बोटीवर होते, त्यांच्या पगाराचा ठरीव हिस्सा दर महिन्याला मुंबईच्या कचेरीतून घरी यायचा, हे तिने सासूकडून ऐकले होते. तेव्हा पैसा तिकडून इकडे यायचा, बेताबेताने, दुसऱ्याच्या हातून. आता तो इकडून तिकडे चालला आहे, तसाच. बाईने क्षणभर विचार केला आणि मुलीला म्हणाली, 'त्यात माझं नाव बसतंय का बघ.'

रकाना नव्हता. पण विचारणारी होती, आणि तिने ते मुलगी निघण्याआधी विचारले.